डॅशबोर्ड राहू द्या, त्यामागची फाईल द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एक बातमी ठरावीक दिवसांनी तुमच्या पेपरात येतेच येते. अमुक विभागाचा डॅशबोर्ड (आकडे आलेखांत, नकाशांत दाखवणारं वेबपान) सुरू, मान्यवरांच्या हस्ते कळ दाबून उद्घाटन, आता सगळी माहिती एका क्लिकवर. फोटोत मोठा स्क्रीन, त्यावर दोन-तीन रंगीत गोल, एक नकाशा, हिरवे-लाल आकडे आणि कोपऱ्यात फोटो. मग काही महिन्यांनी ती लिंक उघडून बघा, एकतर उघडतच नाही, नाहीतर आकडे उद्घाटनाच्या आठवड्यातलेच असतात. याच्याबद्दल जरा सविस्तर लिहायचंय. पत्र लांबलंय याची कल्पना आहे, कापायचं तिथे कापा पण उजनी धरणाचा भाग तेवढा ठेवा.

मी सोलापुरात एका कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवतो. माझं म्हणणं साधं आहे. डॅशबोर्ड बनवणं ही आता मोठी गोष्ट राहिलेली नाही, ते काम एसवायची पोरं दोन प्रॅक्टिकलमध्ये करतात आणि लागणारं सॉफ्टवेअर फुकट आहे. अवघड आहे ती रोज, वेळेवर, एकाच साच्यात भरलेली आकड्यांची फाईल. आणि नेमकी तीच कोणी देत नाही.

आधी साधनांचं सांगतो, कारण बऱ्याच वाचकांना वाटतं की यासाठी मोठी कंपनी, मोठं टेंडर असं काहीतरी लागतं. २०१२ साली आर या संख्याशास्त्रवाल्यांच्या प्रोग्रॅमिंग भाषेसाठी शायनी हे साधन आलं, आरस्टुडिओ कंपनीच्या जो चेंग यांनी बनवलेलं (कंपनीचं नाव आता पॉझिट आहे). त्याआधी एखाद्या संख्याशास्त्रवाल्याला आपलं विश्लेषण वेबवर टाकायचं तर एचटीएमएल, जावास्क्रिप्ट, सर्व्हर हे सगळं कोणाकडून तरी करून घ्यावं लागायचं. शायनीमुळे ते आरमध्येच होऊ लागलं. त्याची खुबी अशी की एक्सेलमध्ये एक सेल बदलला की त्याच्यावर अवलंबून असलेले सेलच बदलतात, तसं इथे एक बटण हलवलं की त्याच्याशी जोडलेला आलेखच पुन्हा काढला जातो, बाकीचं जागच्या जागी राहतं. २०१७ मध्ये कॅनडातल्या माँट्रियलच्या प्लॉटली कंपनीने पायथन ही दुसरी प्रोग्रॅमिंग भाषा वापरणाऱ्यांसाठी डॅश काढलं, त्यात कुठलं बटण बदललं की कुठला आलेख बदलायचा हे आपण स्वतः लिहून द्यायचं, त्याला कॉलबॅक म्हणतात. लिहायला जरा जास्त लागतं पण मोठ्या कामाला पक्कं. आणि २०१९ मध्ये पायथनसाठीच स्ट्रीमलिट आलं आणि मग खरंच कोणीही उठावं आणि अ‍ॅप बनवावं अशी वेळ आली. २०२२ मध्ये स्नोफ्लेक या डेटा कंपनीने ते सुमारे ८० कोटी डॉलरला विकत घेतलं, तरी मूळ सॉफ्टवेअर आजही खुलं आणि मोफतच आहे.

स्ट्रीमलिट मी वर्गात शिकवतो म्हणून त्याचंच सांगतो. एक साधी पायथनची फाईल. सीएसव्ही (स्वल्पविरामाने तोडलेल्या आकड्यांची साधी फाईल) वाचायची एक ओळ, धरणाचं नाव निवडायच्या यादीची एक ओळ, तारखांच्या स्लायडरची एक, आलेखाची एक. झालं, ब्राउझरमध्ये चालू अ‍ॅप दिसतं आणि पोरांचे चेहरे बघण्यासारखे होतात. पण मग पुढच्याच तासाला तक्रार येते की सर, लय स्लो चालतंय. कारण स्ट्रीमलिटमध्ये तुम्ही स्लायडर नुसता जरा सरकवला तरी अख्खी स्क्रिप्ट पहिल्या ओळीपासून पुन्हा चालते, म्हणजे तीन लाख ओळींची फाईल दरवेळी परत वाचली जाते, आणि वर्गातल्या सगळ्यांनी एकदम उघडलं की लॅबचा सर्व्हर मान टाकतो. त्यावर उपाय आहे, फाईल वाचणाऱ्या फंक्शनच्या डोक्यावर कॅशची, म्हणजे एकदा वाचलेलं लक्षात ठेवायची, एक ओळ लिहायची म्हणजे ती एकदाच वाचली जाते. हे ज्यांना माहीत नसतं ते म्हणतात मोठा सर्व्हर पाहिजे, आणि मग सरकारी कामात त्या मोठ्या सर्व्हरचं बिल लागतं, असो.

कोडिंग अजिबात नको असेल तर सुपरसेट आहे, मेटाबेस आहे, दोन्ही मोफत मिळतात. सेन्सरचे आकडे सेकंदासेकंदाला येत असतील, पंपिंग स्टेशन, वीज वगैरे, तर ग्राफाना. पॉवर बीआय आणि टॅब्लो ऑफिसांमध्ये सगळ्यांना माहीत आहेतच. सांगायचा मुद्दा, साधनांचा तुटवडा नाही.

आता उजनी.

तुम्ही पावसाळ्यात रोज धरणसाठ्याचा तक्ता छापता, आमच्याकडे चहाच्या टपरीवर पेपर आला की पहिलं तेच पान उघडतं, कारण सोलापुरात नळाला पाणी किती दिवसांनी येतं हे तुम्हाला माहीतच आहे. वर्गात पोरांना म्हटलं याचाच डॅशबोर्ड करा. एका ग्रुपने छान अर्धगोल मीटर केला, शून्य ते शंभर, काटा फिरणारा, लाल-पिवळा-हिरवा. दिसायला एकदम सरकारी! त्यात २०२४ च्या उन्हाळ्याचे आकडे टाकले आणि काटा शून्यावर जाऊन बसला तो हलेचना. कारण उजनी उणे जाते. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३.६६ मृतसाठा (तळाचा, एरवी हिशेबात न धरलेला) आणि ५३.५७ उपयुक्त, आणि टक्केवारी काढतात ती फक्त उपयुक्त साठ्यावर. म्हणजे पेपरात ज्या दिवशी "उजनी शून्य टक्के" छापून येतं त्या दिवशी धरणात ६३ टीएमसीच्या वर पाणी असतं, पुण्याला पाणी देणारी खडकवासल्याची चार धरणं दोनदा भरून वर उरेल इतकं. २०२४ च्या जूनच्या सुरुवातीला उजनी जवळपास उणे ६० टक्क्यांवर गेली होती, म्हणजे साधारण साडेएकतीस टीएमसी शिल्लक. मीटरवर मात्र ते शून्य. काटा शून्यावर बसला त्या दिवशीही शून्य आणि जूनमध्येही शून्य, मधले ३२ टीएमसी कुठे गेले ते मीटरला माहीतच नाही. दुसऱ्या टोकालाही तेच, चांगल्या पावसाळ्यात उजनी ११० टक्क्यांच्या वर भरते आणि काटा शंभरावरच अडकतो. शेवटी पोरांनी मीटर काढून टाकला आणि साधी रेघ काढली, टीएमसीमध्ये, तळापासून, मृतसाठ्याच्या पातळीवर एक आडवी तुटक रेषा. दिसायला काहीच नाही, पण टपरीवरच्या माणसाला दाखवली तरी कळते.

दुसऱ्या ग्रुपने पुणं घेतलं. खडकवासला १.९७, पानशेत १०.६५, वरसगाव १२.८२, टेमघर ३.७१, मिळून २९.१५ टीएमसी. त्यांनी चार धरणांच्या टक्केवारीची सरळ सरासरी काढली. समजा गळतीच्या दुरुस्तीसाठी टेमघर रिकामं केलंय आणि बाकी तिन्ही निम्मी भरलीत, तर सरासरी येते साडेसदतीस टक्के. प्रत्यक्षात पाणी आहे १२.७२ टीएमसी, म्हणजे ४३ टक्क्यांच्या वर. पाणीकपातीची चर्चा चालू असताना हा सहा टक्क्यांचा फरक म्हणजे गंमत नाही. आणि हे सॉफ्टवेअर तुम्हाला सांगणार नाही, त्याला सरासरी म्हटलं की ते सरासरी देतं.

या दोन्ही गोष्टी आम्हाला पकडता आल्या कारण आकडे आमच्या हातात होते. हाच मीटर एखाद्या विभागाच्या साइटवर असता आणि मागची फाईल मिळत नसती तर कोणाला कळलं असतं? बघणाऱ्याने काटा बघायचा आणि गप बसायचं.

आता ते आकडे हातात कसे आले ते ऐका. रोजचा एक पीडीएफ. काही दिवसांचा नीट, काही दिवसांचा म्हणजे कागद प्रिंट काढून, सही करून, परत स्कॅन केलेला, तोही तिरका. एकीकडे उजनी लिहिलेलं, दुसरीकडे भीमा, तिसरीकडे भीमा कंसात उजनी. जायकवाडी कुठे जायकवाडी, कुठे पैठण, कुठे नाथसागर. माणसाला कळतं, कॉम्प्युटरला ती तीन धरणं वाटतात आणि मराठवाड्यात पाण्याची नुसती चंगळ होते. काही जुन्या फायली युनिकोडच्या आधीच्या फॉन्टमधल्या, स्क्रीनवर मराठी दिसतं पण कॉपी केलं की भलतीच अक्षरं येतात. पोरांचा नव्वद टक्के वेळ यात गेला, अ‍ॅप बनवायला एक दुपार लागली.

नकाशाचं तर विचारूच नका. इंटरनेटवर मिळणाऱ्या जिल्ह्यांच्या बऱ्याच नकाशांमध्ये अजून ३५ जिल्हे आहेत, २०११ च्या जनगणनेच्या वेळचे. पालघर १ ऑगस्ट २०१४ ला वेगळा झाला, तो त्यात नाहीच, त्याचे आकडे हवेतच लटकतात. वरून आता छत्रपती संभाजीनगर, धाराशिव, अहिल्यानगर ही नवी नावं, काही फायलींमध्ये नवीन, काहींमध्ये जुनी, काहींमध्ये एकाच फाईलमध्ये दोन्ही. नावावरून जोडलं की हे तीन जिल्हे नकाशावर पांढरे. उपाय केंद्र सरकारकडेच तयार पडलाय, प्रत्येक जिल्हा-तालुका-गावाला ठरलेला एलजीडी (लोकल गव्हर्नमेंट डिरेक्टरी) कोड आहे, नाव बदललं तरी कोडवरून जोडता येतं. फाईलमध्ये त्या कोडचा एक कॉलम ठेवला की विषय संपला. पण तो कॉलम ठेवायचा हे कोणाच्या टेंडरमध्ये नसतं. टेंडरमध्ये असतं "आकर्षक व युजर फ्रेंडली".

मराठीचंही असंच. पायथनमध्ये आलेख काढायचं जे जुनं आणि सगळीकडे शिकवलं जाणारं मॅटप्लॉटलिब आहे, त्याच्या बऱ्याच आवृत्त्यांत देवनागरी लिहिलं तर आधी चौकोन दिसतात, फॉन्ट दिला तर चौकोन जाऊन अक्षरं येतात पण वेलांट्या आणि जोडाक्षरं भलत्या जागी जाऊन बसतात. म्हणून पोरं नाइलाजाने इंग्रजीत लिहितात आणि मग सरकारी डॅशबोर्डही इंग्रजीत. खरं तर प्लॉटलीसारखी जी साधनं थेट ब्राउझरमध्ये आलेख काढतात त्यात हा प्रॉब्लेम येत नाही, कारण मराठी अक्षरं नीट जुळवायचं काम ब्राउझर करतो. लाख-कोटीचंही तेच. आपोआप जे येतं ते एम आणि बी, मिलियन-बिलियन. शेतकऱ्याला कांद्याची आवक ०.१५ एम क्विंटल अशी दाखवायची? सेटिंग बदलता येतं, ब्राउझरला मराठी आणि भारत सांगितलं की तो आपणहून १,५०,००० असं लिहितो, देवनागरी आकड्यांत. कोणीतरी ती एक ओळ लिहायला पाहिजे एवढंच.

कांद्यावरून आठवलं. बाजारभावाच्या तक्त्यात किमान, कमाल आणि सर्वसाधारण असे तीन दर असतात. बऱ्याच ठिकाणी मोठ्या अक्षरात कमाल दर दाखवतात कारण तो डोळ्यात भरतो. तो दर दोन-चार गाड्यांना मिळालेला असू शकतो. बघून माणूस टेम्पो भरून निघतो आणि तिकडे गेल्यावर सर्वसाधारण दर हातात पडतो.

कोविडमध्ये हे सगळं आपण अंगावर घेतलंय. २०२१ च्या एप्रिलमध्ये एका मोठ्या शहराच्या बेडच्या डॅशबोर्डवर बेड शिल्लक दिसायचे आणि फोन केला की नाही म्हणायचे. माझ्या मावसभावासाठी रात्रभर फोन लावलेत म्हणून सांगतो. डॅशबोर्ड बिघडलेला नव्हता. हॉस्पिटलमधल्या माणसाने आकडा हाताने भरायचा होता आणि त्याला त्या दिवसांत श्वास घ्यायला वेळ नव्हता, त्यामुळे सकाळचा आकडा रात्रीपर्यंत तसाच. मला राग वेगळ्याच गोष्टीचा आहे. पानावर वर तारीख आणि वेळ मात्र त्या क्षणाची दिसायची, कारण ती सर्व्हरच्या घड्याळाची होती, आकडा भरल्याची नव्हती. हा प्रकार अजून सर्रास चालतो. डॅशबोर्डवर आजची तारीख दिसली की आपल्याला वाटतं आकडे आजचे आहेत. तसंच शून्याचं. एखाद्या केंद्राकडून माहिती आलीच नाही तर तिथे शून्य दाखवतात. पाऊस शून्य आणि पावसाची नोंद नाही, यात पीकविमा मिळणं न मिळणं इतका फरक पडू शकतो.

त्याच काळातली दोन चांगली उदाहरणंही आहेत. अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात प्रा. लॉरेन गार्डनर आणि त्यांचा पीएचडीचा विद्यार्थी एनशेंग डाँग यांनी २२ जानेवारी २०२० ला तो काळ्या नकाशावरच्या लाल ठिपक्यांचा डॅशबोर्ड सुरू केला, सुरुवातीला आकडे चक्क हाताने भरत होते. जगभर टीव्हीवर ठिपके दिसले, पण अभ्यास करणाऱ्यांसाठी खरी किंमत होती ती गिटहब या फायली खुल्या ठेवायच्या साइटवर रोज ठेवलेल्या साध्या सीएसव्ही फायलींची, १० मार्च २०२३ ला काम थांबवलं तरी त्या फायली तिथे राहिल्या. आणि आपल्याकडे कोविड१९इंडिया ही साइट, काही हौशी तरुण पोरापोरींनी चालवलेलं. राज्यांची बुलेटिनं गोळा करून, तपासून, जिल्हावार आकडे आणि त्यामागचा सगळा डेटा खुला. ३१ ऑक्टोबर २०२१ ला त्यांनी थांबवलं. त्यांच्या डेटावर कितीतरी जणांनी आपापले आलेख, अ‍ॅप, अभ्यास उभे केले. एक डॅशबोर्ड दिला असता तर एकच डॅशबोर्ड झाला असता.

यावर कोणी म्हणेल की सगळा कच्चा डेटा खुला केला तर लोकांची खासगी माहिती बाहेर जाईल. बरोबर आहे, लाभार्थ्यांची नावं, मोबाइल नंबर असलेली यादी कोणी मागत नाहीये, आणि ती देऊही नये. गंमत म्हणजे ती आज डॅशबोर्डमधूनच जायचा धोका जास्त आहे. पॉवर बीआयमध्ये पब्लिश टू वेब म्हणून सोय आहे, ती वापरून लिंक दिली की लॉगिनशिवाय कोणीही बघू शकतं आणि वर दिसणाऱ्या गोलांच्या खालचा तपशीलही बाहेर काढता येऊ शकतो. हे न कळता ऑफिसातला एखादा क्लार्क घाईत लिंक टाकतो, साहेबांना उद्या सकाळी दाखवायचं असतं म्हणून. कुठले कॉलम बाहेर द्यायचे हे आधी ठरवून फाईल बनवली तर हा धोका उलट कमी होतो. धरणाच्या पाण्याला तर काही खासगी आयुष्य नसतं.

आणखी एक. दिवसातून एकदा बदलणाऱ्या आकड्यांसाठी चोवीस तास चालणारा सर्व्हर कशाला लागतो? डी३ हे वेबवर आलेख काढायचं साधन बनवणारे माइक बोस्टॉक, त्यांच्या ऑब्झर्व्हेबल कंपनीने २०२४ मध्ये फ्रेमवर्क म्हणून एक साधन मोफत दिलंय, त्यात सगळी आकडेमोड आधीच करून ठेवतात आणि लोकांना नुसतं तयार पान जातं. मोहोळ-माढ्याच्या नेटवर्कवरही पटकन उघडतं. शायनीलाइव्ह पण आहे, त्यात अख्खं अ‍ॅप बघणाऱ्याच्याच ब्राउझरमध्ये चालतं, सर्व्हरचा खर्च शून्य, फक्त पहिल्यांदा उघडताना बराच मोठा डाउनलोड होतो त्यामुळे शेतात उभं राहून बघायला ते उपयोगाचं नाही. साध्या पानाला आणि खाली डाउनलोडच्या एका बटणाला ना टेंडर लागतं ना दरवर्षीचं मेंटेनन्सचं कंत्राट. म्हणूनच तर होत नसेल, हा माझा खवचट अंदाज.

मग आता तुमच्याकडे मागणं. पुढच्या वेळी डॅशबोर्डच्या उद्घाटनाला तुमचा बातमीदार जाईल तेव्हा त्याने तिथल्या तिथे विचारावं की डाउनलोडचं बटण कुठे आहे, आणि ही तारीख आकड्यांची आहे की घड्याळाची. उत्तर काय मिळालं ते बातमीत छापा, कोण कोण उपस्थित होतं ती यादी एक ओळ कमी झाली तरी चालेल. आणि स्वतःपासूनही सुरुवात करा ना. तुमच्या पानावर स्तंभालेख येतात त्यातले काही शून्यापासून सुरू होत नाहीत, त्यामुळे दोन टक्क्यांची वाढ दुप्पट दिसते, ते जरा बघा. धरणाच्या तक्त्यात टक्क्यांशेजारी टीएमसीचा कॉलम कधी असतो कधी जागेअभावी उडतो, तो उडवू नका, उडवायचाच तर टक्के उडवा.

शेवटचं म्हणजे, तुम्ही हा तक्ता वर्षानुवर्षं छापताय. इतक्या वर्षांचा रोजचा साठा एका जागी, एका साच्यात असेल तर तो जिल्ह्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याच्या, पत्रकाराच्या आणि पीएचडीवाल्याच्या कामाचा आहे. जुने अंक बघायला दिलेत तर आमची पोरं दिवाळीच्या सुट्टीत बसून तो टाइप करून देतील, दोघांनी वेगवेगळा टाइप करायचा आणि जुळवून बघायचा, म्हणजे चुका सापडतात. तयार फाईल तुमच्या साइटवर तुमच्या नावाने टाका, आमचं काही म्हणणं नाही. स्कॅन करायच्या भानगडीत पडू नका, कागदी अंकच द्या, तेच सोपं पडतं.

आपला,
एक नेहमीचा वाचक, सोलापूर